पैसा मंजूर झाला, मग विचारणारा कोण?

डिसेंबर २०२५ मधील गोष्ट. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले होते. सिव्हिल लाईन्सकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दरवर्षीप्रमाणे बांबूचे कठडे लागले होते, आणि इंदोरा, पाचपावलीकडून कामावर जाणाऱ्या आपल्या माणसांना वळसा पडत होता. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ८ डिसेंबरला, सरकारने ७५ हजार २८६ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहात मांडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या ओट्यावर आम्ही पेपर वाचत बसलो होतो. वस्तीतल्या एक मावशी कामावर निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"काऊन भाऊ, हे पंच्याहत्तर हजार कोटी आता कुठून काढले? मार्च महिन्यात बजेट झालं होतं ना? अन् माह्या पोरीची स्कॉलरशिप दीड वर्षापासून आली नाई, ते पैसे याच्यात हाय का नाई, तेवढं सांगा ना जी."

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पडलो बी.कॉम.; वीस वर्षे कारकुनी केलेली, जमाखर्चाच्या वह्यांतच केस पिकले. वस्तीत कोणाला फॉर्म भरायचा असला की आमच्याकडे येतात. पण मावशींच्या प्रश्नाला आम्हाला धड उत्तर देता आले नाही. "बघून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. मावशी गेल्या, पण प्रश्न राहिला. तेव्हा या वेळचे सदर त्यांच्याच प्रश्नावर लिहितो आहोत.

आधी पुरवणी मागणी म्हणजे काय ते पाहू. महिन्याच्या एक तारखेला आपण घरखर्चाचा हिशेब मांडतो. भाडे इतके, किराणा इतका, पोरांची फी इतकी. वीस तारखेला कोणी आजारी पडते, नाहीतर गावाकडचे लग्न निघते, आणि मग किराणा दुकानदाराच्या वहीत नाव चढते. सरकारचेही तसेच. वर्षाचे अंदाजपत्रक मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनात येते. वर्षाच्या मध्यात पैसा कमी पडला किंवा नवाच खर्च उभा राहिला, तर राज्यघटनेच्या २०५ व्या कलमाप्रमाणे सरकारला पुन्हा विधिमंडळापुढे यावे लागते. आपण दुकानदाराला न सांगता माल उचलू शकत नाही, तसे सरकारही विधिमंडळाला न विचारता राज्याच्या एकत्रित निधीतला एक रुपयादेखील काढू शकत नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचे ठरले आणि १९६० पासून ते होत आले (कोरोनाच्या काळात आणि आधीही काही वेळा खंड पडला तो सोडा). त्यामुळे आपल्या नागपूरच्या वाट्याला मुख्य अंदाजपत्रक येत नाही, पुरवणी येते. डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात हीच पुरवणी ३५ हजार ७८८ कोटींची होती. एका वर्षात दुकानदाराच्या वहीतला आकडा दुपटीच्या वर गेला, एवढे तर बी.कॉम. नसलेल्यालाही कळते.

आता मंजुरी कशी होते? अर्थमंत्री विधानसभेत अंदाजपत्रक मांडतात, भाषण होते, दूरदर्शनवर दाखवतात. त्यानंतर सर्वसाधारण चर्चा. मग एकेका विभागाच्या मागण्या येतात. प्रत्येक विभागाला इंग्रजी वर्णमालेतले एक अक्षर दिलेले असते. सामाजिक न्याय विभागाचे अक्षर 'एन'. मागण्यांवर मत देण्याचा अधिकार फक्त विधानसभेच्या २८८ आमदारांना आहे. विधान परिषदेत चर्चा होते, पण मतदान नाही. एखाद्या आमदाराला विभागाचा कारभार पसंत नसेल तर तो कपात सूचना देतो, म्हणजे "या मागणीतली रक्कम कापा" असे म्हणून सरकारला जाब विचारतो. दिवस ठरलेले असतात. ते संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकतात, "हो"चा आवाज होतो, आणि हजारो कोटी मंजूर. शेवटी विनियोजन विधेयक. परिषदेने ते फार तर चौदा दिवस अडवावे, त्याउपर नाही. झाले बजेट.

संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. त्या मागण्यांचा कागद हातात घेऊन बसतात आणि मगच लोकसभेत मतदान होते. केरळच्या विधानसभेत विषय समित्या हे काम करतात. आपल्याकडे मागण्यांवरची चर्चा सभागृहातच होते, आणि ती किती वेळ होते ते वर लिहिलेच आहे. मग प्रश्न असा की, इतका पैसा ज्याने मागितला त्याने तो नीट खर्च केला की नाही हे विचारतो कोण? मोर्चा विचारत नाही असे नाही. पण मोर्चा विधानभवनाच्या अलीकडेच अडवला जातो. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच रस्त्यावर गोवारी बांधवांचा मोर्चा अडवला गेला आणि ११४ जीव गेले, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. आत ज्यांना विचारण्याचा हक्क आहे, त्या विधिमंडळाच्या समित्या. त्यांच्याविषयी आपल्या वस्त्यांत फारच कमी माहिती आहे. खेदाची गोष्ट अशी की, आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनाही ती परवापरवापर्यंत नव्हती.

अंदाज समिती हे नाव ऐकून वाटते की हीच मंडळी अंदाजपत्रक तयार करीत असतील. तसे नाही. अंदाजपत्रक वित्त विभाग करतो, आणि समितीचा अहवाल येईपर्यंत मंजुरी थांबत नाही. अंदाज समिती एखादा विभाग निवडते आणि वर्षभर त्याच्या मागे लागते. हा खर्च कमी पैशात झाला असता का? कर्मचारी भरले पण काम वाढले का? योजनेचे उद्दिष्ट आणि आकडा यांचा मेळ बसतो का? धोरण चूक की बरोबर हे ठरवणे तिचे काम नाही, ते सभागृहाचे. पण त्या धोरणावरचा पैसा नीट चालला आहे की नाही, हे तिने पाहायचे. केंद्रात ही समिती १९५० साली सुरू झाली.

दुसरी लोकलेखा समिती. हिचे मूळ १९२१ च्या सुधारणांपर्यंत जाते. हिचे काम पैसा खर्च होऊन गेल्यावर सुरू होते. म्हणजे शवविच्छेदनच म्हणा. भारताचे महालेखापरीक्षक राज्याच्या हिशेबावर अहवाल लिहितात. घटनेच्या १५१ व्या कलमाप्रमाणे तो राज्यपालांकडे जातो, राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेवतात आणि तिथून तो लोकलेखा समितीकडे येतो. महालेखापरीक्षकांचे एक कार्यालय आपल्या सिव्हिल लाईन्समध्येच आहे. नागपूरचे लोक त्याला नुसते 'एजी ऑफिस' म्हणतात, आणि भविष्य निर्वाह निधी किंवा पेन्शन अडकली की तिथे खेटे घालतात. घटना समितीत ३० मे १९४९ रोजी बाबासाहेबांनी या अधिकाऱ्याचे स्थान घटनेत किती मोठे आहे हे सांगितले होते. विधिमंडळाने मंजूर केला त्याच कामावर पैसा गेला की नाही हे पाहणाऱ्याचे कर्तव्य त्यांनी न्यायपालिकेच्याही वर नेऊन ठेवले होते. आपण बाबासाहेबांचा पुतळा पाहतो तो घटना हातात घेतलेला. पण ते मूळचे अर्थशास्त्रज्ञ. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरच आहे. मुंबई विधिमंडळात २४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी केलेले भाषणही अंदाजपत्रकावरचेच. त्याच वर्षी मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी साधा हिशेब मांडला होता. सरकार माणशी शिक्षणावर जेवढे खर्च करते त्याहून कितीतरी जास्त दारूवरच्या करातून माणशी वसूल करते, तर निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा. आरडाओरडा नाही, एक आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला, बस्स.

तिसरी, आपल्याशी सरळ संबंध असलेली, अनुसूचित जाती कल्याण समिती. ती जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे करते. जिल्हा परिषद, महानगरपालिका, महामंडळे यांच्याकडून आरक्षणाचा अनुशेष, बढत्या, वसतिगृहे आणि मागासवर्गीयांसाठीच्या निधीचा हिशेब घेते. या सर्व समित्यांत दोन्ही सभागृहांचे, सर्व पक्षांचे सदस्य असतात आणि मंत्री त्यात नसतात. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

समितीचे काम कोर्टासारखे चालते. आधी विभागाला प्रश्नावली जाते. लेखी उत्तरे येतात. मग विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावतात. मंत्र्यांना नाही, सचिवांनाच. मंत्री सभागृहात बोलून वेळ मारून नेऊ शकतो, पण सचिवाला कागद दाखवावा लागतो. लोकलेखा समितीच्या मदतीला महालेखाकार कार्यालयाचे अधिकारी बसलेले असतात. दारे बंद, पत्रकार नाहीत. त्यामुळे तिथे काय झाले ते आपल्याला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिसत नाही. समितीचा अहवाल सभागृहात मांडला की मात्र तो जनतेचा होतो. त्यातल्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. परंतु प्रत्येक शिफारशीवर काय केले हे विभागाला लेखी कळवावे लागते, आणि न पटले तर समिती पुन्हा विचारते. सरकारी कचेरीत भाषणाला कोणी भीत नाही. पण कागदावरचा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत फाईलमध्ये जिवंत राहतो, हे आम्ही कारकून म्हणून खात्रीने सांगतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. लोकलेखा समितीपुढे प्रकरण येईपर्यंत वर्षे उलटतात, ज्याने घोळ केला तो साहेब निवृत्त झालेला असतो. निवडणुका झाल्या की नव्या समित्या बसेपर्यंत काही महिने जातात. आणि मे २०२५ मध्ये तर मान खाली घालायला लावणारी घटना घडली. अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांच्या वर रोकड सापडली. माजी आमदार अनिल गोटे त्या खोलीबाहेर ठाण मांडून बसले होते. समितीच्या अध्यक्षांनी आरोप फेटाळले आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले. चौकशीचे काम चौकशी करणारे जाणोत. पण ज्या समितीने दुसऱ्याचे हिशेब तपासायचे, तिच्या दौऱ्यात असा पैसा सापडावा, याचा अर्थ निवेदन घेऊन जाणाऱ्या गरीब माणसाने काय लावायचा?

आता आपल्या पैशाकडे येऊ. १० मार्च २०२५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चे अंदाजपत्रक मांडले. एकूण खर्च ७ लाख २० कोटी. यातला मोठा भाग पगार, पेन्शन, व्याज यांवर जातो. योजनांसाठीचा कार्यक्रम खर्च १ लाख ९० हजार २४२ कोटी. त्यात अनुसूचित जाती घटकासाठी २२ हजार ६५८ कोटी. आम्ही कागदावर भागाकार केला. साधारण ११.९ टक्के येतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के. म्हणजे मांडताना हिशेब बरोबर. कोणाला बोट दाखवायला जागा नाही. १९७९-८० साली विशेष घटक योजना सुरू झाली ती याच तत्त्वावर, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी. नियोजन आयोगाने पुढे हेही स्पष्ट केले होते की हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही आणि वर्षअखेर परत जाऊ द्यायचा नाही.

पण मांडणे वेगळे आणि हातात पडणे वेगळे. अंदाजपत्रक मांडून दोन महिनेही झाले नव्हते तोच, मे २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की 'लाडकी बहीण' योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वळवले. त्या वेळचे सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यालाच तक्रार करावी लागते, तर आमच्या मावशींनी कोणाकडे जावे? सरकारची बाजू अशी की, योजनेच्या लाभार्थ्यांत अनुसूचित जातीच्या आणि आदिवासी बहिणीही आहेत, त्यांचा खर्च त्यांच्या निधीतून केला.

इथे आम्हाला जरा थांबावे लागले. कारण मावशी स्वतः लाडकी बहीण आहेत. महिन्याला पंधराशे त्यांच्या खात्यात येतात. आम्ही त्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पंधराशे येतात जी, नाई कशी म्हनू? गॅस भरतो त्याच्यात. पन मग पोरीचे पैसे कायले थांबले?"

मावशींना मिळणारे पंधराशे खोटे नाहीत आणि त्या पैशाला आमचा विरोधही नाही. पण ही योजना सर्व समाजांच्या बहिणींसाठी आहे. इतर बहिणींचा पैसा सर्वसाधारण तिजोरीतून येतो, मग आपल्या बहिणीचा पैसा तिच्याच मुलीच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या डब्यातून का काढायचा? त्या डब्यातून काढला तर लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याला अर्थ काय राहिला? हा प्रश्न आम्ही ओट्यावर विचारला तर हवेत विरतो. अनुसूचित जाती कल्याण समितीपुढे लेखी विचारला तर विभागाच्या सचिवाला लेखी उत्तर द्यावे लागेल. कर्नाटकात २०१३ साली अशा निधीसाठी कायदाच झाला. आपल्याकडेही तसा कायदा करा ही मागणी आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे करीत आहेत.

समितीपुढे कसे जायचे, याचा आमचा स्वतःचा अनुभव फारसा गौरवाचा नाही. काही वर्षांपूर्वी विधिमंडळाच्या एका समितीचा दौरा नागपुरात होता. बैठक रविभवनात. आम्ही चौघे गेलो. एक निवृत्त पोस्टमन, एक अंगणवाडी सेविका, एक वकिलीचा विद्यार्थी आणि आम्ही. तीन पानांचे निवेदन आम्ही रात्र जागून लिहिले होते. त्यात अन्याय होता, दुर्लक्ष होते, जातीय मानसिकता होती, बाबासाहेबांचा वारसा होता. प्रकरण मुलींच्या एका वसतिगृहाचे होते. तिथे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे पैसे मंजूर होऊनही पुस्तके आली नव्हती. समितीच्या एका सदस्याने निवेदन चाळले आणि अगदी सौम्यपणे विचारले, "वर्ष कोणते? मंजूर किती, वितरित किती, खर्च किती?" आम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तीन पानांत एकही आकडा नव्हता, आणि लिहिणारा बी.कॉम. होता.

परत येताना कोणी बोलले नाही. पोस्टमन काका तेवढे म्हणाले, "पत्त्याशिवाय कागद टाकला आपन. पोचंल कसा?"

मग आम्ही दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार वापरला. आपल्या राज्यात हा कायदा २००२ साली आला, देशाचा २००५ साली. उत्तर आले ते असे. निधी कार्यालयाला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मिळाला, खरेदीची प्रक्रिया पूर्ण झाली नाही, ३१ मार्चला रक्कम शासनाला समर्पित केली. 'समर्पित' हा शब्द सरकारी भाषेत फार गोड आहे. पैसा परत गेला, एवढाच त्याचा अर्थ. मार्चअखेरची ती धावपळ कारकुनांना नवी नाही. अकरा महिने झोपलेली फाईल शेवटच्या आठ दिवसांत पळते. जी पळू शकत नाही ती मरते. गरिबांच्या योजनेच्या फायली बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात, असा आमचा अनुभव.

पुढच्या दौऱ्याला आम्ही एकच पान नेले. चार रकाने केले, त्यात वर्ष, मंजूर रक्कम, मिळालेली रक्कम आणि परत गेलेली रक्कम, आणि खाली माहिती अधिकाराच्या उत्तराची झेरॉक्स. तोच प्रश्न या वेळी अधिकाऱ्यांना विचारला गेला. "निधी उशिरा प्राप्त झाला" असे उत्तर आले. "कोणत्या तारखेला मागणी केली होती?" असा उलट प्रश्न झाला, आणि ती तारीख त्यांच्याजवळ नव्हती. त्या वर्षाचा पैसा काही परत आला नाही. मात्र पुढच्या वर्षी पुस्तकांची दोन कपाटे आली. तिसरे अजून यायचे आहे.

राहता राहिला मावशींच्या मुलीचा प्रश्न. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही १९४४ पासूनची योजना आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते त्या काळातली. २०२०-२१ पासून तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात ती २२२५ या लेखाशीर्षाखाली सापडते. पुस्तके वित्त विभाग प्रसिद्ध करतो, मराठीतही असतात, वाचायला किचकट आहेत पण वाचता येतात. आम्ही मुलीला घेऊन सायबर कॅफेत गेलो आणि महाडीबीटीवर तिच्या अर्जाची स्थिती काढली. जे दिसले त्याने आमचाच अंदाज चुकला. पहिल्या वर्षाचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनलाच पडून होता. जातीच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे म्हणून तो परत केलेला, आणि हे मुलीला कोणी कळवलेच नव्हते. म्हणजे ना मुंबईचा दोष, ना लाडक्या बहिणीचा. कॉलेजच्या खिडकीवर दोन हेलपाट्यांत ते काम होण्यासारखे होते. दुसऱ्या वर्षाचा अर्ज मात्र समाज कल्याण कार्यालयातून मंजूर आहे आणि पैसा नाही. हा दुसरा प्रश्न खरा समितीचा. निधी कधी मागितला, किती मिळाला, किती विद्यार्थ्यांचे बिल कोषागारात गेले, हे जिल्ह्यासाठी विचारता येते.

मावशींना आम्ही दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिली ऐकून त्या मुलीवरच रागावल्या, "इतके दिवस पाह्यलं कायले नाई तुनं?" मुलीने सांगितले की मोबाईलमध्ये पैसे नसतात आणि कॅफेवाला तासाचे तीस रुपये घेतो. त्यावर मावशी काही बोलल्या नाहीत.

तर वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांच्या मुलामुलींची शिष्यवृत्ती अडली आहे त्यांनी या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. सोबत अर्जाचा क्रमांक, बँकेचे पासबुक आणि जातीच्या दाखल्याची स्वच्छ झेरॉक्स आणावी. ज्यांचे अर्ज कॉलेजकडे अडले आहेत त्यांची यादी वेगळी करू आणि सोमवारीच कॉलेजला जाऊ. ज्यांचे मंजूर होऊन पैसे आले नाहीत त्यांचा एक कागद करू, चार रकान्यांचा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, दहा रुपयांचे तिकीटही आणले आहे. पोस्टमन काका पत्ता घालणार आहेत.